सही करण्याआधी
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला 'स्त्रीचा आत्मविश्वास' हा विषय दिलाय. वर्गात मी कधी हात वर केल्याचं कोणाला आठवत असेल तर त्याने उभं राहून सांगावं! तेव्हा आत्मविश्वास कसा असावा यावर मी काही बोलणार नाही. तो कुठे कमी पडतो, ते मात्र रोज बघते.

वीसेक वर्षं मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. नव्याने आलेल्यांना एकच गोष्ट परत परत सांगते : स्क्रीनवर लाल अक्षरं आली की घाबरून बंद करू नका, आधी ती ओळ वाचा. बिघाड कुठे आहे ते बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं. माझ्या टीममधल्या मुली हजार हजार ओळींचे लॉग न कंटाळता वाचतात. आणि त्याच मुली गृहकर्जाच्या, विम्याच्या कागदांवर, नवऱ्याने किंवा वडिलांनी पेन्सिलीने फुली मारली असेल तिथे सही करून मोकळ्या होतात. पैसे कुठे गुंतवलेत विचारलं तर, "ते हे बघतात." 'हे' चांगले असतात हो, प्रश्न तो नाही.

माझे वडील गेले तेव्हा सातबारावर वारस म्हणून आई, भाऊ आणि आम्ही दोघी बहिणी अशी नावं लागली. मग हक्कसोडपत्राचा विषय निघाला. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. बहिणींनी सही करायची, साडीचोळी घ्यायची, म्हणजे माहेर शाबूत. मी आदल्या दिवशी मसुदा मागून घेतला. हक्क सोडणाऱ्यांमध्ये आईचंही नाव होतं. कोणाचं कपट नव्हतं त्यात, लिहिणाऱ्याने नेहमीचा नमुना काढला होता. पण नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र सहजासहजी मागे घेता येत नाही. सत्तरीतल्या बाईकडे मग स्वतःचं म्हणून काय उरतं?

शेत भाऊच कसतो. माझा हिस्सा मी विचार करून, राजीखुशीने सोडला. बहिणीने नाही सोडला, तिची गरज वेगळी आहे. आईचं नाव मात्र काढायचं नाही, यावर आम्ही दोघी ठाम राहिलो. भाऊ सहा महिने तुटक बोलत होता. वहिनीचा त्या भाऊबीजेला फोन आला नाही. हे मुद्दाम सांगते, कारण 'ठामपणे बोला' म्हणणारे ही किंमत कधी सांगत नाहीत. रात्र रात्र झोप लागत नाही.

नवऱ्यामागे बायको ही मुलांच्या बरोबरीची वारस, हे हिंदू वारसा कायद्यात १९५६ पासून आहे. आपण शाळेत असताना, १९९४ मध्ये, महाराष्ट्राने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतका हक्क दिला, पण तेव्हा लग्न झालेल्यांना वगळून. २००५ च्या देशभराच्या दुरुस्तीत ती अट राहिली नाही. आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हा हक्क जन्मापासूनचा आहे, मग वडील २००५ मध्ये हयात असोत वा नसोत. नागरिकशास्त्राच्या तासाला असलं काही कानावर पडलं असतं, पण तो तास गणिताचे सर मागून घ्यायचे. (सर हसतायत!)

आता महाराष्ट्रात बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. त्यामुळे पुष्कळ घरं आपल्या नावावर होतात. मैत्रिणींनो, घर तुमच्या नावावर आहे, पण फाइल कुठल्या कपाटात आहे?

मी वकील नाही. पण कोणाला एखादा कागद सोबतीने वाचायचा असेल तर जेवणानंतर मी इथेच आहे.

भाऊ आता बोलतो. आई अधूनमधून त्याला मोबाइलवर सातबारा काढायला लावते, चष्मा लावते आणि आपलं नाव कितव्या ओळीत आहे ते स्वतः बघते.