रंगापूर्वी भिंतीची मशागत



पेरणीपूर्वी जमिनीची मशागत करावी लागते, हे शेतकऱ्याच्या मुलाला वर्गात शिकवावे लागत नाही. परंतु त्याच मुलाच्या शाळेची भिंत रंगविण्याची वेळ आली, की या साध्या नियमाचा वडीलधाऱ्यांना विसर पडतो. सुट्टी संपत आली असता रंगाचे डबे येतात, दोन दिवसांत भिंती झळकू लागतात व त्यांवर मुळाक्षरे, पाढे आणि जिल्ह्याचा नकाशा उमटतो. पुढे पावसाळा सरता सरता नकाशातील तालुके पोपड्यांसह जमिनीवर येतात. दोष बहुधा रंगाला दिला जातो. वस्तुतः रंग भिंतीला चिकटलेलाच नसतो. तो भिंतीवरील धुळीला व जुन्या सैल चुन्याला चिकटलेला असतो. ती गळाली की तिच्यासवे तोही गळतो.

म्हणून प्रथम भिंतीची परीक्षा घ्यावी. या परीक्षेस खर्च नाही. कोरडा तळहात भिंतीवरून फिरवावा. पांढरी पूड लागली तर पृष्ठभाग सैल आहे असे समजावे. बोटाच्या पेराने ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला तर गिलावा आतून सुटला आहे. हातभर लांबीरुंदीचा प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटवून एक दिवस ठेवावा. आतल्या बाजूस पाण्याचे थेंब जमले तर भिंतीत ओल आहे.

ओल हा रंगाचा पहिला शत्रू होय. फुटके कौल, तुंबलेली पन्हळ, गळका नळ किंवा पायातून वर चढणारे जमिनीतील पाणी ही तिची नेहमीची कारणे. पाणी भिंतीतून बाहेर येऊन सुकते, पण त्यातील क्षार मागे राहतात. यालाच लोणा म्हणतात. हे स्फटिक वाढताना रंगाचा थर आतून उचलून टाकतात. लोणा पाण्याने धुऊ नये. विरघळून तो पुन्हा भिंतीत शिरतो. तो कोरड्या ब्रशने झाडून काढावा. परंतु ओलीचे मूळ बंद केल्याविना हा उपायही तात्पुरताच ठरतो.

नव्या सिमेंटच्या गिलाव्याबाबतही उतावीळ करू नये. पाणी मारण्याचे दिवस संपल्यावर तो किमान चार आठवडे, व दमट हवेत त्याहून अधिक काळ, वाळू द्यावा. ताज्या गिलाव्यात तीव्र अल्कली असते. तिच्यावर तेलाचा रंग दिल्यास तेल व अल्कली यांचा संयोग होऊन साबणासारखा चिकट पदार्थ बनतो, आणि रंग मऊ पडून सुटतो.

भिंत कोरडी असल्याची खात्री झाल्यावर कामाचा क्रम असा ठेवावा. चुन्याचे सैल थर पाण्याने भिजवून पत्र्याच्या पट्टीने खरवडावेत. धुराची काजळी व हातांचा तेलकटपणा साबणाच्या पाण्याने काढून भिंत स्वच्छ पाण्याने पुसावी व वाळू द्यावी. भेगा किंचित रुंद करून, धूळ झाडून, मग भराव्यात. भरलेली जागा वाळल्यावर काचकागदाने एकसारखी करावी आणि ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. त्यानंतर अस्तराचा हात द्यावा. अस्तर भिंतीची शोषणशक्ती सारखी करते व वरच्या रंगाला धरून ठेवते. ते पूर्ण वाळल्यावर रंगाचे दोन पातळ हात द्यावेत. एक जाड हात त्यांची बरोबरी करू शकत नाही. मातीच्या किंवा जुन्या चुनेगच्ची भिंतींस मात्र चुन्याची सफेदीच हितकर, कारण ती आतील ओल बाहेर पडू देते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. अनेक वर्गांत भिंतीच्या खालच्या भागास, मुलांच्या खांद्याच्या उंचीपर्यंत, तेलाच्या रंगाचा पट्टा असतो. दारे-खिडक्यांनाही तोच रंग असतो. जुन्या तेलरंगांत, विशेषतः पिवळ्या व तांबड्या छटांत, शिशाची संयुगे असू शकतात. भारतात २०१६ च्या नियमांन्वये घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दर दहा लाख भागांस ९० भाग अशी ठरविण्यात आली आणि ती १ नोव्हेंबर २०१७ पासून अंमलात आली. त्यापूर्वीचा रंग संशयास्पदच मानावा. शिसे बालकाच्या मेंदूच्या वाढीस बाधा आणते, व त्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक म्हणून ज्ञात नाही. यास्तव असा रंग कोरडा घासू नये, जाळूनही काढू नये. तो घट्ट असेल तर पाण्यात चालणाऱ्या काचकागदाने, भिंत सतत ओली ठेवून, केवळ त्याची चकाकी मोडावी. गुळगुळीत चकाकीवर नवा रंग बसत नाही. काम करणाऱ्याने नाक-तोंड झाकावे. पोपडे व गाळ ओले असतानाच गोळा करावेत, जमीन ओल्या फडक्याने पुसावी. मुलांकडून हे श्रमदान कदापि करवू नये, आणि काम चालू असता त्यांना त्या खोलीत बसवू नये.

शाळा व्यवस्थापन समितीने छपराची व पन्हळीची दुरुस्ती आधी उरकून सुट्टी लागताच भिंतींना हात घालावा, म्हणजे मे महिन्याच्या कोरड्या हवेत प्रत्येक थरास वाळण्यास अवधी मिळेल. रंगास एक दिवस लागत असेल, तर तयारीस चार दिवस द्यावेत. भिंतीवरील अक्षर हे पुष्कळ बालकांचे पहिले पुस्तक असते. त्या पुस्तकाची पाने वर्षाच्या आत गळू नयेत, आणि त्यांची धूळ वाचणाऱ्याच्या पोटात जाऊ नये, एवढी काळजी प्रत्येक शाळेस घेता येण्यासारखी आहे.