अर्धशिशी आणि विम्याचा करार



अर्धशिशी ही आपल्या घरांत हसण्यावारी नेली जाणारी व्याधी आहे. डोक्यास फडके घट्ट बांधून अंधाऱ्या खोलीत पडून राहणाऱ्या स्त्रिया आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. औषधांनी न हटणाऱ्या अशा वेदनेवर अलीकडे एक उपाय योजला जातो. डोक्याच्या मागील बाजूस त्वचेखाली बारीक तार बसवून तेथील मज्जातंतूस विजेचे सौम्य उत्तेजन देतात. त्याची बॅटरीही शरीरातच बसवितात. यंत्र महाग, आणि सर्वांस गुण येतोच असेही नाही. विम्याच्या भरवशावर रिसोड वा कारंज्याहून मोठ्या शहरी गेलेल्या कुटुंबास ‘हा उपचार सिद्ध झालेला नाही’ असे उत्तर मिळाले, तर शेत गहाण टाकण्याची पाळी येते.

या उत्तराचे मूळ समजून घेतले पाहिजे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली बारा आधुनिक उपचार सांगून ते विम्यातून वगळू नयेत असे ठरविले. मेंदूत खोलवर द्यावयाचे उत्तेजन त्या यादीत आहे. डोक्यामागील मज्जातंतूचे नाही. शिवाय, परिणामाचा पुरेसा वैद्यकीय आधार नसलेला उपचार वगळण्याची मुभा कंपनीस आहे. तथापि यादीत नाव नाही म्हणून उपचार असिद्ध ठरत नाही. तो पुराव्याचा प्रश्न आहे, आणि पुरावा देता येतो.

म्हणून आमचे सांगणे असे, की पॉलिसी घेताना जुने दुखणे लपवू नये. शस्त्रक्रियेपूर्वी कंपनीची लेखी मंजुरी घ्यावी. कोणती औषधे किती काळ घेतली व ती का निष्फळ झाली, हे तज्ज्ञ डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. नकार आल्यास तो कोणत्या कलमाने, हे लेखी मागावे; २०२४ च्या नियमांप्रमाणे कंपनीच्या समितीच्या संमतीवाचून दावा फेटाळता येत नाही. कंपनीकडे तक्रार करूनही महिनाभरात समाधान न झाल्यास वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज करावा. त्यास शुल्क नाही. किंवा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये आपल्या राहत्या जिल्ह्यात, म्हणजे वाशीमलाच, ग्राहक आयोगाकडे दाद मागावी. दोन्हीकडे एकाच वेळी मात्र जाता येत नाही.

विमा ही मेहेरबानी नव्हे. हप्ते भरून केलेला तो करार आहे. परंतु वेदनेने गांजलेल्या माणसास कलमे वाचण्याचे त्राण नसते. ते वाचण्याचे व अर्ज लिहून देण्याचे काम ज्ञातीतील शिकलेल्या तरुणांनी आपले मानावे, एवढीच आमची विनंती आहे.