जाळी ठोकावी की नुसती अंथरावी?

जांघेतला हर्निया, जुन्या भाषेत अंतर्गळ, म्हणजे पोटाच्या भिंतीला पडलेली फट. रुग्ण खोकला, पोते उचलले, की आतडे त्यातून डोकावते. पूर्वीचे सर्जन फटीच्या कडा ओढून एकमेकींना शिवत. ओढून शिवलेले उसवते, हे कुठलाही शिंपी सांगेल. अमेरिकेतल्या लिक्टेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली ताण न देता जाळीचे ठिगळ लावायची पद्धत मांडली आणि ती जगभर रुजली.

ठिगळाबरोबर त्याची किंमतही आली. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी त्यावर उपाय म्हणून मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून वापरले. ऐकणाऱ्यांच्या भुवया उंचावल्या असतील, तर नवल नाही. पुढे युगांडात अशा जाळीची ३०२ पुरुषांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने छापले. वर्षभरात मच्छरदाणीच्या गटात एकाचा हर्निया परत आला, महागड्या जाळीच्या गटात कुणाचाच नाही. फरक नगण्य.

ती सारी शस्त्रक्रिया जांघेत चीर देऊन केलेली. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत खर्चाचे दुखणे जाळीपाशी थांबत नाही. इथे साधारण १५ बाय १० सेंटिमीटरची जाळी स्नायू आणि उदरावरण (पोटाच्या आतला पातळ पडदा) यांच्या मधल्या जागेत, म्हणजे फटीच्या आतल्या अंगाने बसते. ती सरकू नये म्हणून टॅकर आला. हे पिस्तुलासारखे यंत्र चाप ओढला की स्क्रूसारखा बारीक खिळा रोवते. ते बहुधा एकदाच वापरायचे, आणि बिलात अनेकदा जाळीहून भारी.

शिवाय खिळा चुकला तर महागात पडतो, तोही वेगळ्या अर्थाने. या भागात सर्जन दोन त्रिकोण पाठ करतात. एकात मांडीकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या, दुसऱ्यात नसा. पहिल्याला ते विनाशाचा त्रिकोण म्हणतात, दुसऱ्याला वेदनेचा. नस खिळ्यात सापडली, तर हर्निया बरा होऊनही मांडी महिनोन्‌महिने जळत राहते.

मग खिळ्यांवाचून जाळी टिकते कशी? पोटातल्या दाबाने. जो दाब आतड्याला फटीकडे ढकलतो, तोच जाळीला भिंतीवर दाबून धरतो. पुढे शरीराच्या पेशी तिच्या छिद्रांत शिरून तिला पकडतात. उदरावरण न उघडता करायच्या ‘टेप’ पद्धतीत बहुतेक रुग्णांना जाळी ठोकायची गरजच नाही, असे २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. अपवाद मोठ्या ‘डायरेक्ट’, म्हणजे भिंतीतून थेट बाहेर येणाऱ्या, हर्नियाचा. तिथे फट इतकी रुंद, की जाळीच तिच्यात घुसू शकते.

अशा वेळीही टॅकरच हवा असे नाही. जांघेच्या हाडाजवळच्या कूपर अस्थिबंधाला दुर्बिणीतून एक-दोन टाके घालता येतात. धागा स्वस्त, महाग आहे ती आत गाठ मारायची सवय, आणि ती विकत मिळत नाही. उदरावरण उघडून करायच्या ‘टॅप’ पद्धतीत तेही शेवटी खिळ्यांऐवजी सलग टाक्याने मिटवता येते. तिसरा मार्ग वैद्यकीय गोंदाचा: फेविक्विकच्याच रासायनिक कुळातला, पण शरीरासाठी बनवलेला. दुकानातली ट्यूब नव्हे, हे सांगितलेले बरे! काटकसरीचा हात आणखी पुढेही जातो. ‘टेप’साठी लागणाऱ्या तयार फुग्याऐवजी रबरी मोज्याचे बोट नळीला बांधून अनेक भारतीय सर्जन उदरावरणाबाहेर जागा करतात.

खिळा टाळायचा, तर मात्र जाळी मोठी हवी आणि उदरावरण खालपर्यंत नीट सोडवलेले हवे. गुंडाळी होऊन आत गेलेली जाळी उलगडते, तरी तिला पुन्हा वळायची खोड असते. ‘टेप’मध्ये खरी कसोटी शेवटच्या मिनिटाची. जागा फुगवायला भरलेला वायू सोडायला लागले की ती मिटू लागते आणि वर सरकणारे उदरावरण जाळीची खालची कड उचलू पाहते. म्हणून सर्जन ती कड चिमट्याने दाबून धरतो, वायू हळूहळू सोडायला सांगतो आणि पडदा पूर्ण मिटेपर्यंत दुर्बीण काढत नाही.