आधी एक एकर
(शिरूर-दौंड भागातील मेळाव्यातले भाषण)



पाबळ-केंदूर असो की खोर-देऊळगावगाडा, जिरायती माणसाच्या मनात एकच असतं : एक दिवस सगळं रान बागायती करायचं. आम्ही शेतकी कॉलेजातून बाहेर पडलो तेव्हा तेच सांगत फिरायचो. विहीर, मोटर, पाइपलाइन, सगळं एकदम कागदावर मांडून द्यायचो. एकाने आमचं ऐकलं. दहा एकरांसाठी कर्ज काढलं, विहिरीला पाणीच लागलं नाही. कागद आमचा, हप्ते त्याचे. तेव्हापासून असले कागद करणं आम्ही सोडलं.

शेजारच्या पुरंदरात, नायगावात काय झालं बघा. १९७२ च्या दुष्काळात विलासराव साळुंखे या इंजिनिअरने माणसं खडी फोडताना पाहिली. त्यांनी देवस्थानची ४० एकर उजाड जमीन खंडाने घेतली. मोटर आधी नाही बसवली. आधी उतारावर ताली, मग खाली पाझर तलाव, त्याखाली विहीर आणि शेवटी उपसा. आम्ही नेमकं उलटं मांडत होतो!

त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. पाणी जमिनीच्या हिशेबाने नाही, माणशी : माणशी अर्धा एकर, घराला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा आणि ऊस बंद. दहा एकरवाल्याला हे थोडं वाटेल. पण अडीच एकर हमखास पिकलं तर घरची भाकरी आणि बैलांचा कडबा सुटतो. मग उरलेल्या रानात पाऊस दगा देऊ दे, घर मोडत नाही.

तुम्ही यंदा एकच एकर धरा. एकरावर एक सेंटिमीटर पाऊस म्हणजे ४० हजार लिटर, दहा हजारी टँकरचे चार टँकर. तो ओढ्याने भीमेला जातो. मृगाआधी बांध नीट करा. ज्वारीवाल्यांनी रान उताराला आडवं नांगरा, सप्टेंबरात त्यातच मालदांडी पेरा. कपाशीच्या ओळीही आडव्याच. कर्ज नको, वर्ष बुडालं तर घाम बुडेल, हप्ता मागे लागणार नाही. त्या एकराची पोती वेगळी मोजा. दुसऱ्या एकराला पुढच्या वर्षी हात घाला.

मघाशी एका ताईंनी विचारलं, पिकेल हो, पण भावाचं काय? खरं आहे. ते काम एकेकट्याच्या बांधावर होत नाही, त्याला आपण सगळे लागतो.

पुढच्या मेळाव्याला त्या एकराचा हिशेब घेऊन या. नाही पिकलं, तर तेही इथं उभं राहून सांगा.