पावसाळ्याआधी गच्चीवरचा अँटेना एकदा बघून घ्या

कानात इअरफोन घालून बसमध्ये असाल, स्वयंपाकघरात असाल नाहीतर गच्चीवर फेऱ्या मारत असाल, तुमचं स्वागत. गच्चीवर असाल तर उत्तमच, कारण आज आपण गच्चीबद्दलच बोलणार आहोत. हॅम रेडिओचा अँटेना, तो उभा करणारा खांब आणि तो पावसाळाभर उभा कसा ठेवायचा, हा आजचा विषय.

हॅम रेडिओ म्हणजे हौशी लोकांचा बिनतारी संवाद. परीक्षा द्यायची, केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा परवाना घ्यायचा आणि मग स्वतःच्या सेटवरून जगाशी बोलायचं. वयाची १२ वर्षं पूर्ण झाली की परीक्षा देता येते. मध्ये ना मोबाइल कंपनी, ना इंटरनेट. लोक विचारतात, हातात स्मार्टफोन असताना ही उठाठेव कशाला? ३ जून २०२० आठवा. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, वीज गेली, मोबाइलचं नेटवर्क गेलं आणि कितीतरी गावांचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद हॅम रेडिओच्या मोहिमेसाठी अंदमानात होत्या. पोर्ट ब्लेअरहून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओवरून निरोप पोचवले.

पण यात एक मेख आहे. रेडिओची गरज नेमकी वादळात लागते आणि अँटेना पडतो तोही वादळातच. म्हणून मे महिन्यात गच्चीवर फक्त वाळवणं घालून भागत नाही.

आधी उंचीचं बघू. व्हीएचएफच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. हिशेब सोपा आहे: उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि ४.१२ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये. जमिनीवर उभं राहून वॉकीटॉकी धरलात तर उंची दीड मीटर, म्हणजे जेमतेम ५ किलोमीटर. चार मजली इमारतीच्या गच्चीवर ४ मीटरचा पाईप लावून अँटेना १६ मीटरवर नेलात तर साडेसोळा किलोमीटर. समोरच्याचा अँटेनाही तेवढ्याच उंचीवर असेल तर दोन्ही मिळून ३३. मध्ये डोंगर किंवा टोलेजंग इमारत नको, एवढीच अट. म्हणजे महागडा सेट घेण्याआधी पैसे पाईपवर घाला.

आता वारा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. अर्धा चौरस मीटर क्षेत्रफळाचा अँटेना धरा. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यात त्याच्यावर साधारण साडेआठ किलोचा जोर येतो. ताशी १२० झाला की ३४ किलो! आणि हा जोर पाईपच्या टोकाला, आडवा. पहारीने दगड उचकटतो ना, तसा तो पाईप बुडाशी उचकटतो. म्हणून पाईप विटांच्या जुन्या कठड्याला बांधू नका, कठड्यासकट खाली येईल. आरसीसी खांबाला किंवा भिंतीला, किमान दोन ठिकाणी, एकमेकांपासून अंतर ठेवून क्लॅम्प करा. आणि स्लॅबला भोक पाडायचं नाही. वॉटरप्रूफिंग फुटलं की खालच्या मजल्यावर गळती आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुमच्या नावाचा विषय, हे ठरलेलं!

उंच पाईपला ताण द्यावा लागतो. विजेच्या खांबाला तिरकी तार असते, तोच प्रकार. हॅम लोक तिला गाय वायर म्हणतात. गोठ्यातली गाय नव्हे बरं का! ताण तीन बाजूंनी, सारख्या कोनात द्यायचे. दोन ताणांवर खांब टिकत नाही, तिसरी बाजू उघडी राहते. ताणाचं खालचं टोक पाईपच्या बुडापासून उंचीच्या ६० ते ८० टक्के अंतरावर हवं. म्हणजे ६ मीटरच्या पाईपला साडेतीन ते पावणेपाच मीटर. तारेला यू-क्लॅम्प लावताना एक गोष्ट लक्षात ठेवा: वाकडा यू-बोल्ट तारेच्या मोकळ्या टोकावर आणि सपाट बैठक भार घेणाऱ्या तारेवर. उलटं लावलंत तर यू-बोल्ट भाराचीच तार चेपून कमजोर करतो. टर्नबकल घट्ट केल्यावर त्यातून तारेचा तुकडा ओवून ठेवा, नाहीतर वाऱ्याच्या थरथरीने तो हळूहळू उलटा फिरतो.

ताण ही किती गंभीर गोष्ट आहे, याचं उदाहरण पोलंडमध्ये आहे. कॉन्स्टान्टिनूव्हचा रेडिओ मास्ट ६४६ मीटर उंच होता, तेव्हाची जगातली सर्वांत उंच रचना. ८ ऑगस्ट १९९१ ला तो कोसळला. वादळात नाही, देखभाल चालू असताना! ताणाच्या तारा बदलण्याचं काम सुरू होतं. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. धडा असा की जुनी तार सोडण्याआधी तिचं काम करणारी दुसरी तार पक्की बसलेली हवी. ६४६ मीटरला जो नियम, तोच ६ मीटरला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जरा कान देऊन ऐका. अँटेना लावताना जीव जातो तो बहुतेकदा विजेच्या तारेमुळे. चढवताना पाईप कलतो, हातातून सुटतो आणि शेजारच्या तारेवर जातो. तार ११ हजार व्होल्टची असेल तर शेवटचा क्षणही कळत नाही. म्हणून पाईप कुठल्याही बाजूला आडवा पडला तरी तारेपर्यंत पोचणार नाही अशीच जागा निवडा. उंचीच्या किमान दीडपट अंतर ठेवा. तेवढी जागा नसेल तर तिथे पाईप उभा करायचा नाही, विषय संपला. आणि पाईप कलायला लागला तर पकडायला धावू नका. सोडून द्या, दूर व्हा.

टॉवरवर चढायचं असेल तर पूर्ण अंगाचा हार्नेस आणि त्याला दोन दोर. एक हूक काढण्याआधी दुसरा अडकवलेला पाहिजे. खाली माणूस हवाच, पण थेट टॉवरखाली नाही, कारण वरून सुटलेला पानासुद्धा डोकं फोडतो. एकट्याने चढायचं नाही, ओल्या टॉवरवर चढायचं नाही आणि रीलसाठी तर मुळीच नाही.

बजेट कमी असेल तर तारेचा डायपोल करा. मेगाहर्ट्झमधल्या फ्रीक्वेन्सीने १४३ ला भागा, मीटरमध्ये लांबी मिळेल. ७.१ साठी सुमारे २० मीटर, म्हणजे दोन्हीकडे १०-१० मीटर तार. वारा जवळजवळ लागत नाही, खर्चही कमी. फक्त टोकं हाताला लागणार नाहीत इतकी उंच ठेवा. बोलताना टोकांवर मोठा व्होल्टेज असतो, चटका बसतो. गच्चीवर पापड घालणाऱ्या काकूंना आणि पतंग उडवणाऱ्या पोरांना हे माहीत नसतं.

आता पावसाळ्याआधीची तपासणी. पाईपच्या बुडाशी गंज आहे का बघा, कोकणात खाऱ्या हवेमुळे जास्त बारकाईने. उन्हाने कडक झालेले प्लॅस्टिकचे बंद बदला. केबलचा जोड आपोआप चिकटणाऱ्या रबरी टेपने बंद करा आणि घरात शिरण्याआधी केबलला खाली झोका द्या, म्हणजे पाणी तिथेच ठिबकेल. मग एसडब्ल्यूआर मोजून वहीत लिहा. पहिल्या पावसानंतर पुन्हा मोजा. आकडा बदलला असेल तर बहुधा पाणी कुठेतरी आत शिरलंय.

आणि वीज. वळवाचा पाऊस गडगडाट घेऊनच येतो. मास्टचं अर्थिंग करा आणि ते घराच्या अर्थिंगला जोडा, दोन वेगळी ठेवू नका. ढग जमायला लागले की केबल सेटमधून काढून घराबाहेर ठेवा. कडकडाट सुरू झाल्यावर मात्र केबलला हात लावायचा नाही. थेट वीज पडली तर कुठलंच उपकरण पूर्ण खात्री देत नाही.

शेवटचं काम सगळ्यात सोपं. शेजाऱ्यांना आणि सोसायटीला आधी सांगा, हे काय आहे, कशासाठी आहे. विमानतळ जवळ असेल तर उंचीचे नियमही विचारून घ्या. उद्या नेटवर्क गेलं तर हाच पाईप त्यांच्याही कामाचा आहे.

तर या रविवारी पाना, टेप आणि वही घेऊन गच्चीवर जा. सोबत एका मित्राला न्या. पुढच्या भागात भेटूच. तोपर्यंत हॅम लोकांच्या भाषेत शुभेच्छा: ७३!