स्वदेशी सॉफ्टवेअरचे मोल

(नेसरी, ता. गडहिंग्लज येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



नेसरीच्या भूमीत धाडसाविषयी कोणाला काही शिकवावे लागत नाही. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनोबत प्रतापराव गुजर सहा साथीदारांसह बहलोलखानाच्या फौजेवर येथेच तुटून पडले. नवउद्योगांविषयी व्याख्याने देणाऱ्यांना हा प्रसंग फार आवडतो. मूठभर तरुण, समोर बलाढ्य शत्रू आणि बेभान झेप! मात्र त्यानंतरचा इतिहास सांगायला ते विसरतात. हंबीरराव मोहिते सरनोबत झाले, फौज सावरली, जूनमध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला. पुढे महाराजांनी रघुनाथपंतांकडून राजव्यवहारकोश सिद्ध करवून घेतला. कारण राज्य आपले झाले, तरी कारभाराचे शब्द फारसीच राहिले होते. कारभार ज्या साधनांवर चालतो ती साधने कोणाची, हा प्रश्न साडेतीनशे वर्षांपूर्वी विचारला गेला. आज तो संगणकाबाबत विचारायचा आहे.

पतसंस्थेचा जमाखर्च, कारखान्यावरील उसाच्या वजनाची नोंद, शेतकऱ्याचा सातबारा, सारे आता संगणकात आहे. तो संगणक चालवणारी प्रणाली बहुतेक ठिकाणी अमेरिकन कंपनीची असते. त्यात बिघडले काय, असे सुशिक्षित माणूस विचारतो. त्याचे उत्तर जुलै २०२५मध्ये मिळाले. गुजरातेत वाडीनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जीमध्ये रशियाच्या रोसनेफ्टचा सुमारे ४९ टक्के वाटा आहे. त्या कारणाने युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध लादले आणि मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा एकाएकी थांबवल्या. निर्बंध युरोपाचे, कंपनी अमेरिकेची आणि कामकाज अडले ते भारतातील! नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली. काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. प्रकरण मिटले, पण कळ कोणाच्या हातात आहे ते सर्वांना दिसले.

असा अनुभव आपल्याला नवा नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेने अधिक सामर्थ्याचा महासंगणक देण्यास नकार दिला. त्यावर १९८८मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. त्यातील प्रक्रियक ब्रिटिश बनावटीचे होते, हे लपवण्याचे कारण नाही. प्रत्येक खिळा आपला असला पाहिजे, असा स्वदेशीचा अर्थ तेव्हाही कोणी केला नव्हता. रचना आपली होती, ती समजणारी माणसे आपली होती.

पण भटकरांच्या पाठीशी शासन होते. ज्याच्या पाठीशी कोणीच नाही, त्याने काय करावे? त्यासाठी काटकर बंधूंची हकिकत पाहावी. मूळचे रहिमतपूर परिसरातले हे कुटुंब. थोरले कैलास दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात लागले. १९९०मध्ये पंधरा हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःचे दुकान काढले. धाकट्या संजयला मात्र त्यांनी संगणकशास्त्र शिकायला लावले. दुकानात दुरुस्तीला येणारे कित्येक संगणक विषाणूंनी बाधित असत. फ्लॉपीवरून विषाणू शिरे आणि संगणक सुरू होताच स्मृतीत ठाण मांडून बसे. संजय एकेका विषाणूची उकल करून त्यावर उतारा लिहू लागले. (वैयक्तिक संगणकावरचा पहिला मोठा विषाणू, ‘ब्रेन’, १९८६मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिला होता. आमच्या सॉफ्टवेअरची चोरी रोखण्यासाठी तो लिहिला, असे त्यांचे म्हणणे. उतारा पुण्यातल्या दोन भावांनी लिहावा, हा योगायोगच!) त्या उताऱ्यांतून १९९५च्या सुमारास ‘क्विक हील’ बाजारात आले.

खरी कसोटी पुढेच होती. सॉफ्टवेअर उत्तम होते, गिऱ्हाईक मिळत नव्हते. १९९९च्या सुमारास गाशा गुंडाळण्याचा विचार झाला. बंधू टिकले, विक्रीची घडी बसवली, पुण्याबाहेर नाशिकला पहिली शाखा काढली. दुकानोदुकानी जाऊन संगणक दुरुस्त करणाऱ्यांनाच त्यांनी विक्रेते केले. बाहेरचे मोठे भांडवल, सिकोयाचे साठ कोटी, २०१०मध्ये आले. म्हणजे पहिल्या उत्पादनानंतर पंधरा वर्षांनी! आज हा क्रम उलटा झाला आहे. आधी भांडवल, मग जाहिरात, मग ग्राहकाला फुकट वाटप आणि वस्तू काय ते सवडीने. २०१६मध्ये क्विक हीलचे समभाग ३२१ रुपयांना विकले गेले आणि बाजारात नोंदणीच्या पहिल्याच दिवशी त्याखाली घसरले. तरी दुसऱ्या दिवशी विषाणूंवरचे काम चालूच होते, कारण ते समभागाच्या भावावर अवलंबून नव्हते.

आता राजकारणाविषयी. जून २०२०मध्ये केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, ते योग्यच झाले. परंतु बंदीने मैदान मोकळे होते, खेळाडू तयार होत नाही. ट्विटरला पर्याय म्हणून बंगळूरूत ‘कू’ निघाले. त्याला सरकारी स्पर्धेचे पारितोषिक मिळाले, २०२१मध्ये मंत्री तेथे दाखल झाले, आपल्यापैकीही अनेकांनी उत्साहाने खाती उघडली. किती जण महिनाभराने परत तेथे गेले? जुलै २०२४मध्ये ‘कू’ बंद पडले. त्याची निंदा करण्याआधी आपली खाती आठवावीत. शासनाने करावयाचे काम वेगळे आहे: सरकारी कार्यालयांनी देशी सॉफ्टवेअर रीतसर विकत घ्यावे आणि त्याची देयके वेळेवर द्यावीत. लहान कंपनी सत्काराअभावी मरत नाही, थकलेल्या देयकांनी मरते.

आणि थोडे घरचे बोलू. स्वदेशीवर तावातावाने बोलणाऱ्या घरातला संगणकही पुष्कळदा चोरीच्या प्रतीवर चालतो. दुरुस्ती करणारा मुलगा ‘टाकून देतो’ म्हणतो, आपण चहा पाजतो. चोरीची परदेशी प्रत फुकट मिळत असताना पाचशे-हजार रुपयांची देशी वस्तू कोण घेणार? म्हणजे येथे देशी प्रोग्रामरची स्पर्धा अमेरिकेशी होण्याआधी आपल्या चोरीशी होते. याच गडहिंग्लज भागातली मुले अभियांत्रिकी शिकून पुण्याला जातात. त्यांतला एखादा उद्या गावी परतून पतसंस्थेसाठी मराठी हिशेबप्रणाली लिहील आणि संचालक मंडळासमोर किंमत सांगेल. ‘आपलाच मुलगा आहे, पैसे कसले घेतोस?’ असे तेव्हा त्या बैठकीत कोणी म्हणू नये, एवढी विनंती.