दाराला आतून कडी हवी

(स्तनपान सप्ताहानिमित्त सिल्लोड येथे महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



आईच्या दुधाची थोरवी सांगायला मी उभी राहिलेली नाही. ती तुम्ही दरवर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ऐकता. सहा महिने फक्त आईचे दूध, वर पाणीसुद्धा नको, हे अंगणवाडीताई आणि आशाताई घरोघर जाऊन सांगतात. माझा प्रश्न एवढाच आहे : हे सांगणाऱ्या बाईचे स्वतःचे तान्हे बाळ त्या वेळी कुठे असते?

माझे बाळ तीन महिन्यांचे असताना मी कामावर हजर झाले. नोकरी कंत्राटी, त्याहून जास्त रजा नव्हती. सकाळी पाजून निघायचे. अकरा वाजेपर्यंत छाती दगडासारखी व्हायची. एकदा बैठकीत कुणाचे तरी मूल रडले आणि मला पान्हा फुटला. ब्लाउज भिजला. पदर ओढून दोन तास तशीच बसून राहिले. दूध काढायला जागा एकच, संडास. त्याचीही कडी मोडलेली. एका हाताने दार धरायचे, दुसऱ्या हाताने दूध पिळायचे आणि ओतून द्यायचे. त्याच वेळी घरी बाळाला वरचे दूध पाजले जात होते. पुढे गाठी झाल्या, ताप भरला, दूध कमी होऊ लागले.

"शिकलेल्या बायांना दूधच येत नाही," असे लोक म्हणाले. सासूबाई मात्र म्हणाल्या, "परक्याने हात लावला तर गायसुद्धा पान्हा चोरते. तू तर माणूस आहेस." वैद्यकशास्त्रही तेच सांगते. भीती, लाज, घाई असली की पान्हा अडतो. आणि दूध काढले नाही तर शरीर ते बनवणे कमी करते. म्हणजे दोष माझ्या अंगात नव्हता, जागेत होता.

काढून ठेवलेले दूध बाधते, असा आपल्याकडे समज आहे. 1989 साली मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. परक्या आयांचे दूध तपासून, निर्जंतुक करून तिथे अपुऱ्या दिवसांच्या बाळांना देतात. मग सख्ख्या आईचे कसे बाधेल? हात स्वच्छ धुवावेत, झाकणाचे भांडे उकळून घ्यावे. पंप परवडत नसेल तर हातानेही दूध काढता येते. 25 अंशांपर्यंतच्या खोलीत ते चार तास टिकते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 40 च्या वर जातो, तेव्हा ते थंडच ठेवायला हवे. फ्रिजमधले 24 तासांत वापरावे. पाजताना भांडे कोमट पाण्यात धरावे, दूध उकळू नये. बाटली नको, वाटी-चमचा किंवा बोंडले पुरे.

आता कायद्याचे बघू. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्याने बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळात दोनदा पाजण्यासाठी वेळ दिला. 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा 26 आठवडे झाली, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर आले. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे सारे आहे. पण आपल्या तालुक्यात मिरची तोडणारी, कापूस वेचणारी बाई यात कुठे बसते? वेचणीची मजुरी किलोवर. ती पाजायला बसली की तिचा कापूस कमी भरतो. बाळ घरी असेल तर ती बांधाआड जाते आणि दूध मातीत पिळून येते.

एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष झाले, चांगलेच झाले. हिरकणीची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली. ती रायगडावर दूध विकायला गेली, दरवाजे बंद झाले, तान्ह्यासाठी ती रात्री कडा उतरली. तिच्या धाडसाचे कौतुक सगळे करतात. पण घरी तान्हे आहे असे सांगणाऱ्या बाईसाठी दार का उघडले नाही, हे कुणी विचारत नाही. आजही प्रत्येक नोकरदार आईने आपापला कडा उतरावा, अशीच अपेक्षा आहे.

आपले मागणे फार मोठे नाही. प्रत्येक कार्यालयात, शाळेत, जिनिंगमध्ये एक लहान खोली. तिच्यात खुर्ची, हात धुवायला पाणी आणि दाराला आतून कडी. शेतावर सावलीचा आडोसा, आणि तेवढ्या वेळाची मजुरी कापायची नाही.

पंचायत समितीत द्यायचा अर्ज लिहून तयार आहे. सही येत असेल तिने सही करावी, नसेल तिने अंगठा. जिची मुले मोठी झाली, तिनेही पुढे यावे.